कागदावर आठ, आत सोळा: ऑप्टिप्लेक्स ३९० च्या रॅमच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

आज मामांच्या फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात तिसऱ्यांदा फोटोशॉप लटकलं. वीस बाय दहाचा बॅनर, मधे भावी आमदार हात जोडून, खाली बत्तीस कार्यकर्त्यांचे गोल फोटो, आणि त्यातल्या एकालाही आपला गोल शेजारच्यापेक्षा बारका झालेला चालत नाही. सेव्ह दाबलं, चक्र फिरायला लागलं, मी खाली जाऊन चहा पिऊन आलो तरी फिरतंच होतं. मामा म्हणाले, "आरं मशीन म्हातारं झालंय, जरा दमानं घे की." दमानं कसं घेणार, ७ सप्टेंबरला गणपती, त्यात यंदा विधानसभा तोंडावर, म्हंजे मंडळाचे बॅनर वेगळे आणि इच्छुकांचे वेगळे.

रात्री हिशोब मांडला. वीस फूट म्हंजे २४० इंच, ७२ डीपीआयनी (इंचाला ७२ ठिपके) १७,२८० पिक्सेल. दहा फुटाचे ८,६४०. गुणाकार १४ कोटी ९३ लाख पिक्सेल, आणि सीएमवायकेमधे (छपाईचे चार रंग) एका पिक्सेलला चार बाइट धरले तर एक पूर्ण साइजचा लेयर, म्हंजे चित्राचा एक थर, साधारण ५७० एमबी. आणि माझ्या फाइलीत लेयर किती असतात ते मोजायला मी कधी गेलो नाही. आणि मशीनची रॅम, म्हंजे काम चालू असताना माहिती ठेवायची जागा, आठ जीबी. त्यात काय होणार.

मशीन डेल ऑप्टिप्लेक्स ३९० टॉवर, मामांनी चार वर्षांपूर्वी पुण्यात ऑफिसच्या जुन्या लॉटमधून उचललेलं. प्रोसेसर इंटेलचा आय५ २४००. एसएसडी (जलद डिस्क) मी गेल्या वर्षी टाकली. रॅमचे स्लॉट दोनच, दोन्हीत चार-चार जीबीच्या स्टिक, म्हंजे रॅमच्या पट्ट्या. आणि कंपनीचा स्पेसिफिकेशनचा कागद म्हणतो जास्तीत जास्त ८ जीबी. म्हंजे आपण ऑलरेडी फुल आहोत.

४ ऑगस्ट, रविवार

दुकान बंद, बाहेर पाऊस, दिवसभर वाचत बसलो.

मला आधी वाटायचं की कंपनी ८ म्हणते म्हंजे मदरबोर्डावर कुठंतरी तशी सोयच नसणार, नववी जीबी गेली की धूर. तसं नाहीये. या पिढीत मेमरी कंट्रोलर, म्हंजे रॅम सांभाळणारा भाग, बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या आतच असतो, आणि इंटेलच्या कागदावर आय५ २४०० ला ३२ जीबीपर्यंत चालतं असं सरळ लिहिलंय. ३२ हा आकडा चार स्टिकचा आहे, ८ जीबीची एक अशा चार. आमच्या बोर्डावर एच६१ चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) आहे आणि त्याच्यावर एका चॅनेलला, म्हंजे प्रोसेसर ते रॅम या एका वाटेला, एकच स्टिक चालते, म्हंजे दोन चॅनेल, दोन स्लॉट. मग ८ दुणे १६. हिशोबानं सोळा चालायलाच पाहिजे.

मग कागदावर आठ का? मला पटलेलं कारण असं की हे मॉडेल २०११ चं, तेव्हा डेस्कटॉपच्या ८ जीबीच्या स्टिक बाजारात नुकत्या कुठं दिसायला लागल्या होत्या आणि महाग होत्या. कंपनी स्वतः या मशीनमधे चार-चारच टाकून विकणार होती, त्यामुळं तेवढंच तपासलं आणि तेवढंच छापलं. नंतर ८ ची स्टिक स्वस्त झाली पण जुन्या मॉडेलचा कागद कोण बदलत बसतंय. आपल्याकडं लिफ्टमधे "सहा माणसे" अशी पाटी असते तसलं नाही हे. हे म्हंजे दुकानदार म्हणतो "आमच्याकडं एवढंच मिळतं" तसं.

विंडोजमधे एक कमांड आहे, डब्ल्यूएमआयसी मेमफिजिकल, ती मशीनला जास्तीत जास्त रॅम किती ते किलोबाइटमधे सांगते. बरेच जण तिचा आकडा बघून निर्णय घेतात. पण तो आकडा मशीन मोजून काढत नाही, बायोसच्या (बोर्डावरचं, मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर) टेबलात कंपनीनं जे लिहून ठेवलंय तेच वाचून दाखवते. म्हंजे तोच कागद, फक्त स्क्रीनवर. मी बघितलाच नाही.

६ ऑगस्ट

मामांना विचारलं. पहिला प्रश्न, "चालंल याची ग्यारंटी काय?" ग्यारंटी नाही म्हटलं, पण दोन हजाराच्या आत काम आहे, नवीन मशीन घेतलं तर तीस. मामा जरा गप्प बसले, मग गल्ल्यातून दोन हजार काढून दिले आणि म्हणाले येताना पुण्याहून बाकरवडी आण.

बायोस अपडेट करून घेतलं. याची खरंच गरज होती का माहीत नाही, पण जुन्या बायोसमधे मेमरीच्या भानगडी असतात म्हणून आधीच उरकलं. यूपीएस फुल चार्ज होईपर्यंत थांबलो, कारण आमच्या लाइनला दुपारी चारला लाइट जायची सवय आहे आणि बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. तीन मिनिटाचं काम, पण मी खुर्चीत बसलोच नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या एसटीनं स्वारगेट, तिथून रिक्षानं बुधवार पेठ, तापकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. चार दुकानं फिरलो. आमची रॅम डीडीआर३ पिढीची, ती आता नवीन घ्यायला परवडत नाही, सगळा माल जुन्या मशीनमधून काढलेला. एका ठिकाणी ८ जीबीची साडेआठशे सांगितली, पुढच्या दुकानात साडेसहाशे. मी विचारलं, "भाऊ, इंटेलला चालंल ना?" तो म्हणाला, "दादा, रॅम ती रॅम, डोळे झाकून टाका." दोन घेतल्या, तेराशे. टेस्टिंग वॉरंटी सात दिवस, बिलाच्या मागं पेनानं लिहून दिलं. स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊन बाकरवडी अर्धा किलो जास्त घेतली.

रात्री साडेनऊला दुकानात. वायर काढली, पॉवर बटण दाबून धरलं म्हंजे आतली उरलीसुरली वीज जाते, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला, जुन्या दोन्ही स्टिक काढल्या. आत धूळ एवढी की बाजूला ठेवलेल्या बाकरवडीवर पण बसली. नवीन बसवल्या, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक करून बसल्या. चालू केलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळी. बीप.

काढून परत बसवल्या. तेच. एकच स्टिक, पहिल्या स्लॉटात. तेच. दुसऱ्या स्लॉटात, तेच. दुसरी स्टिक, परत तीच कवायत. खोडरबरनं सोनेरी पिना घासल्या, जरा फुंकलं (फुंकायचं नसतं, थुंकी उडते, माहितीये मला), परत बसवलं, तेच. जुन्या चारच्या टाकल्या की लगेच चालू. म्हंजे बोर्ड ठीक, स्लॉट ठीक, नवीन स्टिकच नको म्हणतायत. साडेबाराला शटर ओढलं. मामांना मेसेज केला "उद्या सांगतो". त्यांनी अंगठा पाठवला, त्या अंगठ्याचा अर्थ मला रात्रभर लागला नाही.

११ ऑगस्ट

एक मिनिट वाटलं की कंपनीचा कागदच खरा. ८ म्हंजे ८. मग विचार केला की मी ८ जीबीची एकच स्टिक टाकली होती तेव्हा एकूण आठच होते, मर्यादेच्या बाहेर नव्हतोच, तरी मशीन उठलं नाही. म्हंजे भांडण एकूण किती याचं नाहीये, या स्टिकचंच आहे.

१२ ऑगस्ट

सापडलं. हे जरा नीट लिहून ठेवतो, कारण माझ्यासारखे बरेच जण इथं फसत असणार आणि कागदातल्या आकड्याला दोष देऊन गप बसत असणार.

रॅमच्या स्टिकवर ज्या काळ्या चिप असतात त्या प्रत्येकीतून एका वेळी ठराविक बिट बाहेर येतात. काहीतून चार, काहीतून आठ. त्याला एक्स४, एक्स८ म्हणतात. स्टिकला एकूण ६४ बिट द्यायचे असतात. एक्स८ च्या आठ चिप झाल्या की ६४ होतात, मग ८ जीबीच्या स्टिकला अशा आठ-आठच्या दोन रांगा, एकूण १६ चिप, आणि लेबलवर लिहिलेलं असतं २आरएक्स८. एक्स४ च्या चिप असतील तर ६४ बिटाला सोळा लागतात, मग एकच रांग, १आरएक्स४. दोन्हीकडं चिप सोळाच! प्रत्येक चिप चार गिगाबिटची, दोन्हीकडं बेरीज ८ जीबीच. नुसतं बघून काहीच कळत नाही.

आता इंटेलच्या या डेस्कटॉप प्रोसेसरांचा कंट्रोलर एक्स८ आणि एक्स१६ घेतो. एक्स४ घेत नाही. एक्स४ मुळात सर्व्हरच्या रॅमसाठी. एएमडीचे त्या काळचे डेस्कटॉप कंट्रोलर मात्र एक्स४ घेतात, म्हणून असल्या चिप लावलेल्या स्वस्त स्टिक "फक्त एएमडी" म्हणून विकल्या जातात. काही प्रामाणिक विक्रेते तसं लिहितात. बाकीचे म्हणतात रॅम ती रॅम.

माझ्या स्टिकवर लेबलच अर्धं फाटलेलं होतं, त्यात नेमका तोच भाग गेलेला. मग मोबाइलची टॉर्च तिरकी धरून चिपवरचा नंबर वाचला: के४बी४जी०४४६ आणि पुढं काहीतरी. त्यातलं ०४ म्हंजे एक्स४. पाहिजे होतं ०८४६. एक आकडा, आणि त्याच्यापायी मी रात्री साडेबारापर्यंत खोडरबर घासत होतो.

१७ ऑगस्ट, शनिवार

सातवा दिवस, वॉरंटी संपायच्या आत परत पुणे. दुकानदार तोच. आधी म्हणाला, "तुमचा बोर्डच आठच्या वर घेत नसंल." मी म्हटलं, "भाऊ, एक स्टिक टाकली तरी उठत नाही, एकात आठच होतात ना." तो हसला. भांडण नाही केलं, त्याला पण माहिती होतं आणि मला पण. वर शंभर रुपये देऊन बदलून घ्यायचं ठरलं.

यावेळी त्याचा डबा काउंटरवर ओतून घेतला आणि स्वतः निवडल्या. लेबलवर काय बघायचं ते हातावर पेनानं लिहून नेलं होतं. पीसी३-१२८००यू, शेवटचा यू महत्त्वाचा, आर असेल तर ती सर्व्हरची, ई असेल तर ईसीसी, म्हंजे चुका पकडणारी, एस असेल तर लॅपटॉपची बुटकी. मग २आरएक्स८. मग लेबलवर विश्वास न ठेवता चिपचा नंबर. बारा स्टिक बघितल्या तेव्हा दोन सारख्या मिळाल्या, १.५ व्होल्टच्या. १६०० स्पीडच्या आहेत, आमचा प्रोसेसर त्या १३३३ वरच पळवणार, पळवू दे.

त्यानं तिथंच एका जुन्या इंटेल बोर्डावर लावून दाखवल्या. हे पहिल्याच दिवशी मागायला पाहिजे होतं.

रात्री ९.१०. बसवल्या, चालू केलं. स्क्रीनवर इंग्रजीत आलं की सिस्टीम मेमरीची रक्कम बदलली आहे, पुढं जायला एफ१, सेटअपला एफ२. एफ२ दाबलं. मेमरी इन्स्टॉल्ड १६३८४ एमबी. ड्युअल चॅनेल. फोटो काढून मामांना पाठवला. परत अंगठाच, पण यावेळी त्याच्यासोबत एक नमस्काराचा हात.

नाचत नाचत विंडोज चालू केलं. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. इन्स्टॉल्ड मेमरी १६ जीबी, पुढं कंसात ७.९ जीबी युजेबल, म्हंजे वापरता येणारी तेवढीच.

आता काय हे.

१८ ऑगस्ट

रात्रभर मेमटेस्ट८६ प्लस (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावून ठेवला होता पेनड्राइव्हवरून. सकाळपर्यंत चार फेऱ्या, एरर शून्य. म्हंजे सोळाच्या सोळा जीबी खऱ्या आहेत, मशीनला दिसतात, लिहिता-वाचता येतात. अडवतंय ते विंडोज.

एक सल्ला सगळीकडं मिळतो, एमएसकॉन्फिगमधे (विंडोज चालू व्हायची सेटिंग) जा, बूट, अॅडव्हान्स्ड, मॅक्सिमम मेमरीची टिक काढ. आमच्याकडं टिक नव्हतीच. लावून काढली, रीस्टार्ट, तेच. रिसोर्स मॉनिटरमधे हार्डवेअर रिझर्व्ड म्हणून एक राखाडी पट्टा, आठ जीबीचा. कुणासाठी रिझर्व्ह ठेवलंय देव जाणे.

दुपारी डोक्यात प्रकाश. हे विंडोज ७ होम बेसिक आहे, ६४ बिट. होम बेसिकला ८ जीबीच्या वरची रॅम वापरायची परवानगीच नाही. हार्डवेअरशी काही संबंध नाही, नुसतं लायसन्सचं कुंपण. होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२. होम बेसिक भारतासारख्या देशांसाठी काढलेली स्वस्तातली आवृत्ती, आणि मशीन सेट करून देणाऱ्यानं त्याच्या हाताला लागलेली सीडी टाकलेली.

(विंडोज ७ अजून का, असं विचाराल तर फ्लेक्स मशीनचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल (लायसन्सची चावी म्हणून मशीनला लावायचा तुकडा) याच्यावरच चालतो. हे विंडोज जानेवारी २०२० मधेच रिटायर झालंय म्हणून या मशीनला मी नेट जोडत नाही. फाइली पेनड्राइव्हवर.)

१९ ऑगस्ट

रक्षाबंधन. काम बंद.

२० ऑगस्ट

कॅबिनेटच्या बाजूला एक जुनं स्टिकर आहे, रोज बघतो, कधी वाचलं नव्हतं. विंडोज ७ प्रो. अर्थात, ऑफिसचं मशीन होतं, प्रोच असणार! म्हंजे मूळ लायसन्स प्रोचं आणि वर कुणीतरी होम बेसिक थापलेलं. स्टिकर घासून पुसट झालंय, टॉर्च लावून लायसन्स कीची पंचवीस अक्षरं उतरवली, दोन ठिकाणी बी आहे की ८ ते कळेना. दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

पण होम बेसिकवर ती की नुसती टाकून प्रो होत नाही, सगळं पुसून परत टाकायला लागणार. म्हंजे फॉन्ट. नुसत्या विचारानं पोटात गोळा आला.

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळी आठ ते रात्री अकरा. विंडोज पाऊण तासात झालं, लायसन्सची की तिसऱ्या प्रयत्नात लागली (पहिला बी, दुसरा ८). सिस्टीम प्रॉपर्टीजमधे बघितलं, १६ जीबी, आणि युजेबलमधे जवळपास सगळी.

बाकीचा दिवस श्रीलिपी (मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर), तिचा डोंगल, आणि फॉन्ट. दहा वर्षांत या दुकानात कुठून कुठून आलेले फॉन्ट, काहींची नावं बदललेली, काही एकाच नावाचे दोन. जुनी फाइल उघडली तर "हार्दिक शुभेच्छा" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मग तो फॉन्ट शोध, टाक, परत उघड. रॅम बदलायला पाच मिनिटं लागली होती. हे लिहितो कारण नंतर मलाच वाटेल की सोपं होतं.

२७ ऑगस्ट

दहीहंडीचे बॅनर काल रात्रीच गेले, आज जरा उसंत, म्हणून तोच बत्तीस गोलांचा बॅनर घेऊन बसलो.

फोटोशॉपमधे खाली पट्टीवर एफिशियन्सी नावाचा आकडा लावता येतो. शंभरच्या खाली गेला म्हंजे रॅम कमी पडली आणि ते डिस्कवर लिहायला लागलं. आधी या फाइलीला तो साठीच्या घरात असायचा. आज शंभर. परफॉर्मन्सच्या सेटिंगमधे जाऊन फोटोशॉपचा वाटा जरा वाढवला, पूर्ण नाही दिला, बाकीच्यांना पण जगायचंय. सेव्हला चार मिनिटाच्या वर लागायचं, आज पन्नास सेकंद. मी खुर्चीतून उठायच्या आत झालं, सवयीनं उठलो होतो, परत बसलो.

कोरलमधे (डिझाइनचं दुसरं सॉफ्टवेअर) मात्र ढिम्म फरक नाही. आमचं कोरल एक्स५, ते ३२ बिटच, त्याला कितीही वाढून ठेवलं तरी ते आपल्या वाटीतलंच खाणार. ६४ बिट एक्स६ पासून आलं. मामांना आत्ताच हे सांगायचं नाही.

१ सप्टेंबर

सकाळी मशीन आठच जीबी दाखवायला लागलं. छातीत धस्स. उघडलं तर दुसऱ्या स्लॉटची एका बाजूची क्लिप अर्धीच लागलेली, पोराने साफसफाई करताना ब्लोअर मारला होता बहुतेक. दाबली, टक, सोळा.

५ सप्टेंबर

दीड आठवडा झाला, रोज बारा-चौदा तास, एकदाही लटकलं नाही. मंडळांचे सगळे बॅनर गेले, आज फक्त एका मंडळाचं अध्यक्षांचं नाव बदलून परत.

मामांना आता चव लागलीय. "सोळा-सोळाच्या दोन टाकल्या तर बत्तीस हुईल की. कागद तर खोटाच निघाला." नाही होणार म्हटलं. १६ जीबीच्या साध्या डीडीआर३ स्टिक निघाल्यात थोड्या, पण त्यांच्या चिप आठ गिगाबिटच्या, आणि आमच्या प्रोसेसरचा कंट्रोलर चार गिगाबिटपर्यंतच ओळखतो. तिथं कागदाचा प्रश्न नाही, कंट्रोलरला तेवढं मोजताच येत नाही. दोन स्लॉट, एकात आठ, बस. मामा म्हणाले, "मग हे पण छापायचं होतं की त्यांनी."

चार-चारच्या जुन्या स्टिक उरल्या होत्या, म्हटलं बिलिंगच्या मशीनला टाकू, त्यात दोनच जीबी आहे. उघडलं, स्टिक लावून बघतो तर बसेना. ते डीडीआर२ निघालं. पिना दोन्हीला २४०, पण मधली खाच वेगळ्या जागी. दोन्ही स्टिक आता ड्रॉवरमधे, स्टेपलरच्या पिनांच्या डब्याशेजारी.